एक, दोन, चार

प्रिय काडी,

'तू' वाचून दचकू नकोस. माझी तब्येत बरी आहे, ताप नाही, डोकंही जागेवर आहे. एक्केचाळीस वर्षं तुला 'अहो मेव्हणे' म्हणत आलो आणि आज एकदम काडी म्हटलं, तर धाकटीला वाटेल दादाला काहीतरी झालं. तिला सांग, काही झालेलं नाही. गुडघा दुखतो तो जुनाच. रक्तदाब मोजायचं यंत्र पोरीने आणून दिलं होतं, ते मी दिवसातून सहादा लावायचो आणि आकडा बघूनच रक्तदाब वाढायचा, म्हणून परवा तिने ते कपाटात कुलूप लावून ठेवलं. आता ती किल्ली हरवली तर काय, याची काळजी लागलीय. बाकी सगळं ठीक. हे पत्र रजिस्टर करावं की साधं टाकावं याचा दोन दिवस विचार करतोय. साधं हरवतं, आणि रजिस्टर आलं की घरातली माणसं घाबरतात. फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू 'बोला दादा' म्हणालास की माझ्या तोंडून 'कसे आहात' एवढंच निघतं, आणि मग आपण दोघं तुमच्याकडे ऊन किती आणि आमच्याकडे किती यावर बोलून फोन ठेवतो.

येत्या एकवीस तारखेला, शनिवारी दुपारी चार वाजता, तू गिटार घेऊन इथे गॅरेजमध्ये यावंस अशी माझी इच्छा आहे. धाकटीलाही घेऊन ये. हे पहिल्याच पानावर लिहून टाकतो, म्हणजे तू पत्र अर्ध्यावर फाडलंस तरी निरोप पोचलेला असेल. का यायचं ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल. इथे एक ओळ खोडलेली दिसेल. 'तुला घाईच असते, तरी शांतपणे वाच' अशी होती. ती का खोडली तेही पुढे कळेल.

गेल्या महिन्यात एक मुलगी गॅरेजमध्ये आली. मला वाटलं गाडी बंद पडली असेल, मी विचारलं, कुठे उभी केलीय? ती म्हणाली, "काका, गाडी नाही, गाणं आहे." आणि पिशवीतून तिने आपली रेकॉर्ड काढली. आपली, काडी! तेच निळं पाकीट, त्यावर शटरसमोर उभे आपण चौघं, शिंप्याचा एक डोळा मिटलेला. वर 'धक्का स्टार्ट' आणि खाली प्रत्येकाचं टोपणनाव. माझ्याकडची रेकॉर्ड कधीच उन्हात वाकून बशीसारखी झाली, त्यामुळे एवढ्या वर्षांनी सपाट रेकॉर्ड बघून मला भरूनच आलं. या मुलीचं जुन्या रेकॉर्डचं दुकान आहे आणि विसरलेली गाणी ती नव्याने काढते. आता आपली काढणार आहे. आणि सोबत चार पानांचं पुस्तक घालणार आहे, बँडचा इतिहास म्हणून. आपला इतिहास! शाळेत मला सगळ्यात कमी मार्क इतिहासातच पडायचे.

तिने एक बारकं यंत्र समोर ठेवलं आणि म्हणाली, सांगा पहिल्यापासून. मी तीन तास बोललो. पोरगी म्हणते की त्या तीन तासांत मी दोन गिऱ्हाइकांना एकमेकांच्या गाड्यांच्या किल्ल्या दिल्या आणि एकजण तर निघूनही गेला होता. गॅरेज आता तीच चालवते, हे तुला माहीत आहेच. मी फक्त स्टुलावर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ब्रेक तपासून घ्या म्हणून सांगतो. त्या रेकॉर्डवालीने विचारलं, तुमचा गॅरेज बँड होता हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं का? मी म्हटलं, ठाऊक कसं नसेल, गॅरेजमध्येच तर वाजवायचो. शिंप्याच्या दुकानात गिटारचं टोक भिंतीला लागायचं आणि तुझे वडील दुपारी झोपायचे. ती खूप हसली. अशा वाजवण्याची म्हणे जगभर एक जातच आहे. असेल.

मी इंजिनापासून सुरुवात केली. तू पहिल्यांदा आमच्याकडे आलास तो जुनी बॅटरी मागायला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, इतका बारीक की समोरून येतोयस की आडवा उभा आहेस ते कळेना. बाबा आणि मी इंजिन उचलायच्या बेतात होतो आणि एक माणूस कमी पडत होता. बाबा ओरडले, "ए काडी, धर इकडून!" तुझं बारसं तिथेच झालं. बाबांनी मोजलं, एक, दोन, तीन. आमच्याकडे तीन म्हणताच उचलायचं. तुझ्या डोक्यात तीन म्हणून झाल्यावर. हे कुणी कुणाला आधी विचारतं का? इंजिन आमच्या बाजूने वर गेलं, तुझ्या बाजूने जागेवर राहिलं, आणि तिरकं होऊन थेट माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर आलं. तू मला पाठीवर घेऊन दवाखान्यात निघालास, आणि दहा पावलांवर दोघंही पडलो. शेवटी मीच लंगडत तुला धरून नेलं, कारण रक्त बघून तुला चक्कर आली होती. अंगठा अजून वाकडा आहे. तेव्हापासून 'तीन' हा शब्द उच्चारला की तो बुटात आपोआप आखडतो. हसू नकोस, डॉक्टरलाही दाखवलंय.

त्या सहा आठवड्यांत तू रोज अंगठा बघायला यायचास आणि येताना गिटार आणायचास. मी पाय स्टुलावर ठेवून बसलेला, हाताला काम नाही, म्हणून दोन पाने घेऊन ब्रेकच्या ड्रमवर ठोकत बसायचो. तुझ्या काडीला माझा पाना असा मिळाला. पुढे लोक विचारायचे, ड्रम कुठून आणला? आणायचा कशाला, गॅरेजमध्ये ड्रम होताच. मग समोरचा शिंपी भांडायला आला. म्हणाला, तुमच्या ठोक्यावर माझा पाय चालतो, मशीन पळत सुटते आणि गिऱ्हाइकाची बाही वाकडी शिवली जाते. तू त्याच्या हातात चार तारांची गिटार दिलीस आणि म्हणालास, मग पाय तसाच चालू दे. त्या माणसाचा ताल पुढे कधी हलला नाही. धाकटी तेव्हा टेलिफोनच्या ऑफिसात होती. मला जेवायला बोलवायला आली, आणि एवढ्या गोंगाटावरून तिची हाक रस्त्यापलीकडे पोचली. तू लगेच म्हणालास, गायला हिला घेऊ या. मी भोळा, मला वाटलं तू गाण्यासाठीच म्हणतोयस.

जुन्या रेडिओच्या पेटीत तू तो भोंगा बसवला होतास तो आठवतो? थाप मारल्याशिवाय चालू व्हायचा नाही, म्हणून तर नाव धक्का स्टार्ट. आणि मधेच त्यात बातम्या लागायच्या. शाळेच्या मैदानावर धाकटीने सूर लांबवला आणि पेटीतून एक गंभीर बाई म्हणाली, "उद्या हवा कोरडी राहील." लोकांना वाटलं गाण्यातच आहे. पुढच्या वेळी त्यांनी तेच पुन्हा म्हणा म्हणून ओरडा केला. शिंपी हे अजून सांगतो. त्याला आता एका कानाने ऐकू येत नाही, पण म्हणतो, ज्या कानाशी तुम्ही उभे असायचात तोच गेला, हिशेब बरोबर आहे.

आणि आपला नियम. तीनवर की तीननंतर हा वाद माझ्या अंगठ्याला महाग पडला होता, म्हणून तू ठरवलंस की चारपर्यंत मोजायचं आणि चार झाल्यावर सगळ्यांनी सुरू करायचं. मोजायचं पान्याने. हे मी त्या मुलीला सांगितलं नाही, पण तुला सांगतो. शाळेत मास्तर मला मोजायला उभं करायचे तेव्हा मला रडू यायचं. सातवीत शाळा सुटली तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर झोपलो. आणि तू, हातात गिटार धरून, माझ्याकडे न बघता म्हणालास, मोजायचं पान्याने. जसं काही ते काम माझंच होतं. मी घरी आरशासमोर उभा राहून सराव करायचो, एक, दोन, तीन, चार. बाबांना वाटायचं मी व्यायाम करतोय.

रेकॉर्डिंगचा दिवस मात्र मी तिला अगदी बारीकसारीक सांगितला. छापखान्यावरची ती खोली, भिंतींना टांगलेली ब्लँकेटं, टेपवाले काका. खाली छपाईची यंत्रं धडधडायची, म्हणून कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत, तेवढ्या एका तासातच आपलं काम उरकायचं होतं. 'पाहुणे आले' या पहिल्या गाण्यातच पाऊण तास गेला, कारण शिंप्याला शिंका येत होत्या. मग 'उतार'. त्याच्या शब्दांवरून माझं आणि धाकटीचं आदल्या दिवशीच वाजलं होतं. 'ब्रेक नाही, चिंता नाही, बाजूला व्हा, मी येते' हे काय गाणं झालं? ब्रेक नसेल तर गाडी काढूच नये. ती म्हणाली, दादा, गाण्यातल्या गाडीला तुझा पाना लागत नाही. तर सहा मिनिटं उरली होती. काकांनी हात वर केला, टेप फिरायला लागली, मी मोजलं, गाणं झालं, आणि शेवटचा सूर विरतो न विरतो तोच खाली यंत्रं सुरू झाली. ऐकलं तर सुरुवातीला तुझी गिटार एकटीच, एक ठोका आधी, आणि आम्ही तिघं तिच्यामागून. पुन्हा करायला वेळ नव्हता. काकांनी मोजणी कापून टाकली आणि रेकॉर्ड तशीच निघाली.

पुढचं मी तिला सांगितलं नाही. तुला आठवतच असेल, पण मला कसं आठवतं ते कधी बोललो नाही. कारखान्याच्या सभागृहात आपला कार्यक्रम होता. निवेदक म्हणाला, "आता येत आहेत धक्का स्टार्ट, गिटारवाले आधीच निघालेत, बाकीचे येतीलच!" सगळं सभागृह हसलं, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. आत गेल्यावर तू म्हणालास, "तू चार आधी म्हणालास." मी म्हटलं, "म्हणजे मला चारपर्यंत मोजता येत नाही?" तू म्हणालास, "सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला..." आणि थांबलास. तू ते वाक्य पुरं केलं नाहीस, काडी. ते मी मनात पुरं केलं, आणि एक्केचाळीस वर्षं रोज नव्याने पुरं करतोय. मी म्हणालो, "अहो, आपण शिकलेले, आपलंच बरोबर." तुला पहिला 'अहो' मी तिथे घातला. तूही लगेच म्हणालास, "जशी आपली इच्छा." झालं. दुसऱ्या दिवशी माझा ड्रम एका दूधवाल्याच्या गाडीला बसवून टाकला. तो बिचारा महिनाभर सांगायचा, ब्रेक मारला की ताल ऐकू येतो.

सहा महिन्यांनी तू माझा मेव्हणा झालास आणि आपल्याला सोयच झाली. लोक म्हणायचे, बघा, एवढे जिवलग, पण नात्याचा मान कसा ठेवतात. अहो मेव्हणे, आपण बसा. नको दादा, आपण बसा. एकदा तर दोघंही उभे राहिलो आणि खुर्चीत तुमचं कुत्रं जाऊन बसलं. तुझ्या गाडीचा क्लच मी तीनदा बदलला, तुझ्या मुलांना सायकल मी शिकवली, माझ्या आजारपणात तू आठ दिवस दवाखान्याच्या बाकावर बसलास. पण 'अहो' काही सुटलं नाही. धाकटीला मी एकदा विचारलं होतं, त्या दिवशी कोण चुकलं? ती म्हणाली, मी गाण्यात होते, मोजणीत नव्हते, तुमचं तुम्ही बघा. आणि लोकांना मी काय सांगायचो? पहिल्या दिवशी काडी एक ठोका उशिरा आला, शेवटच्या दिवशी एक ठोका आधी, मधल्या काळात बरा वाजवायचा. हशा पिकायचा.

तर त्या मुलीने शेवटी विचारलं, "काका, 'उतार'ची ती सुरुवात कुणाची कल्पना? ती एक ठोका आधी येणारी गिटार?" ती सांगत गेली की ही रेकॉर्ड आता लोक त्यासाठीच शोधतात. गाडी खरंच ब्रेक सुटून निघाल्यासारखी वाटते म्हणे. आताची पोरं मुद्दाम तसं वाजवायला शिकतात, आणि पाकिटावरचं तुझं नाव वाचून त्याला 'काडी लावणं' म्हणतात. काडी, तुझ्या नावाचा एक वाक्प्रचार झालाय रे, आणि पहिल्यांदाच चांगल्या अर्थाने! आणि मी काय म्हणालो असेन? जी चूक एक्केचाळीस वर्षं तुझ्या गळ्यात बांधली होती, तिला हार घातलेला दिसल्याबरोबर मी म्हणालो, "माझी." माझी कल्पना. तिने लिहून घेतलं. ती गेल्यावर मी तीन पेले पाणी प्यायलो. पोरगी गाडीखालून सगळं ऐकत होती. ती फक्त म्हणाली, "बाबा, आत्याला फोन करू का?" मी म्हटलं, नको, रक्तदाब वाढेल. ती म्हणाली, कुणाचा?

आता हे पत्र का लिहिलं ते. परवा ती मुलगी पुन्हा आली. टेपवाल्या काकांच्या लेकीकडे माळ्यावर एक डबा सापडला, त्यात 'उतार'ची मूळ टेप होती, कापण्याआधीची. काकांनी मोजणी कापली ती दुसऱ्या प्रतीतून. तिने ती गॅरेजमध्ये लावली. आधी शिंप्याची एक शिंक, मग धाकटीचं हसू, मग तू तार पिळत होतास तो आवाज, आणि मग माझा, काय तरणा आवाज होता रे माझा, अगदी स्पष्ट: "एक, दोन, चार." पुन्हा लावली. एक, दोन, चार. पोरगी गाडीखालून बाहेर सरकली आणि म्हणाली, "बाबा, तीन कुठंय?" तीन मी गिळला होता, काडी. अंगठा आखडला असेल. हात मात्र बरोबर होता, पाने चारदा वाजलेत, शेवटचा ठोका तोंड मिटून. शिंपी आणि धाकटी माझ्या हाताकडे बघत होते म्हणून ते माझ्याबरोबर आले. तू कधीच कुणाकडे बघायचा नाहीस, कान देऊन वाजवायचास, चार ऐकलास आणि आलास. बरोबर आलास. एकटा तू बरोबर होतास, आणि तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. मी त्या मुलीला सगळं सांगून टाकलंय, माझी कल्पना नव्हती, माझी चूक होती, आणि त्या चुकीचं गाणं तू केलंस. ती हसली नाही. म्हणाली, दोघांचं म्हणून लिहू का? मी म्हटलं, ते तो ठरवेल. शनिवारपर्यंत छपाई थांबवलीय तिने. त्या दिवशी शंभर-दीडशे माणसं येणार, आपण 'उतार' एकदा वाजवायचं. पोरगी गाड्या बाहेर काढून देणार आहे. शिंपी रोज पायाचा व्यायाम करतोय. धाकटीला सांग, ब्रेकबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. दूधवाल्याची गाडी भंगारात निघाली तेव्हा तो ड्रम मी काढून ठेवला होता, परवा घासून पुसून ठेवलाय. फक्त एक मागणं आहे. या वेळी मोजायचं तू. मी तुझ्या तोंडाकडे बघत बसेन, तू चार म्हटलंस की चार. आणि तुला नसेल यायचं तर तसं कळव, पण कळवताना 'अहो' लिहू नकोस, शिवी दे. शिवीला मी तयार आहे, 'अहो'ला नाही. आपण यावं, असं मला आता लिहिता येत नाही. ये रे.

तुझाच,
पाना

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पानांवर आकडे घातले आणि पुन्हा वाचून बघितले. एक, दोन, चार, पाच. तिसरं पान शोधत बसू नकोस, हरवलेलं नाही, मजकूर सलग आहे. खोडून दुरुस्त करणार होतो. मग म्हटलं, राहू दे, तुला पुरावा.